ऑफिससाठी छोटा पीसी घेताय? भावाची पारख अशी करा

चार-पाच टेबलांचं ऑफिस मांडताना किंवा जुने मोठे डबे बदलताना हल्ली दुकानदार हमखास एक छोटा पीसी पुढे करतो. जाडजूड पुस्तकाएवढा, मॉनिटरच्या पाठीमागे स्क्रूने बसणारा. सोबत ठरलेलं वाक्य येतं, "आय फाइव्ह आहे, आठ जीबी रॅम, एसएसडी, घेऊन टाका." नवख्या माणसाला वाटतं की सगळी माहिती मिळाली. खरं तर या वाक्यावरून भाव ठरवता येईल असं काहीच कळत नाही. आय फाइव्ह हा प्रोसेसर २०१५ चा असू शकतो आणि २०२३ चाही. दोघांच्या किमतीत दुप्पट-तिप्पट फरक असायला हवा.

कर सल्लागाराचं ऑफिस, पतसंस्था, ई-सेवा केंद्र, दवाखान्याचं रिसेप्शन, शाळेचं कार्यालय अशा ठिकाणी टॅली, एक्सेल, ब्राउझर, पीडीएफ आणि मराठी टायपिंग एवढंच काम असतं. त्या कामासाठी हे यंत्र पुरून उरतं. व्हिडिओ एडिटिंग किंवा जड त्रिमितीय ड्रॉइंग करणाऱ्यांना पुढचं फारसं उपयोगाचं नाही.

माझं म्हणणं एवढंच की दुकानातला आकडा म्हणजे यंत्राची किंमत नव्हे. ते अजून किती वर्षं निर्धोक चालेल आणि तुमच्या टेबलावर उभं करायला आणखी किती खर्च लागेल, हे दोन आकडे काढा. मग कोणता डबा स्वस्त, ते आपोआप दिसतं.

पहिली पायरी: बाजारात जाण्याआधी वायरी मोजा

आत्ता तुमच्या टेबलावर काय काय जोडलेलं आहे ते कागदावर लिहा. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, अंगठ्याचं यंत्र, स्कॅनर, वेबकॅम, मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल. यादी करायला घेतली की सात-आठ यूएसबी सहज भरतात. छोट्या पीसीला साधारण मागे चार आणि पुढे एक-दोन असतात. कमी पडत असतील तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब लागेल, त्याचे पैसे आत्ताच हिशेबात धरा.

पतसंस्था, आडत दुकान आणि जुनी कार्यालयं यांनी इथे जरा जास्त थांबावं. पासबुक किंवा पावत्या छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जुन्या रुंद पॅरलल पिनचा असेल, तर ती पिन छोट्या पीसीला नसते. यूएसबीवर नेणारी केबल मिळते आणि विंडोजमधून छपाईही होते. पण थेट एलपीटी१ वर, म्हणजे त्या पॅरलल पोर्टवर, मजकूर पाठवणारं जुनं सॉफ्टवेअर त्या केबलवर सरळ चालत नाही, त्यासाठी माहितगार माणसाकडून वेगळी व्यवस्था करून घ्यावी लागते. वजनकाट्याला सिरीयल पोर्ट लागतो. या छोट्या यंत्रांत तो ऐच्छिक भाग म्हणून येतो, म्हणजे एकाच मॉडेलच्या एका डब्याला असतो आणि शेजारच्या डब्याला नसतो.

त्याहून मोठी अडचण सॉफ्टवेअरची. डॉसच्या काळातल्या फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला हिशेब अजून वापरात असेल, तर लक्षात घ्या की विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते आणि १६ बिटचे जुने प्रोग्राम त्यावर थेट चालत नाहीत. अशा ठिकाणी आधी सॉफ्टवेअरचा निर्णय घ्या, यंत्राचा नंतर.

दुसरी पायरी: पिढी ओळखा

पिढी म्हणजे प्रोसेसर कंपनीच्या कितव्या मालिकेतला आहे ते. भाव जास्तीत जास्त ठरतो तो इथे, म्हणून हे नीट समजून घ्या.

इंटेलच्या प्रोसेसरचं पूर्ण नाव विचारा. समजा 'आय५-८५००टी' आहे. शेवटचे तीन आकडे सोडून जे उरतं ती पिढी. ८५०० म्हणजे आठवी, ६५०० म्हणजे सहावी, १०५०० म्हणजे दहावी, १२४०० म्हणजे बारावी. शेवटचा 'टी' म्हणजे कमी विजेवर चालणारी आवृत्ती, ३५ वॅटची. छोट्या पीसीत बहुतेक वेळा तीच असते. ऑफिसच्या कामात त्याने काही बिघडत नाही, उलट डबा थंड राहतो.

आठव्या पिढीला एवढं महत्त्व का, तर मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला नेहमीची सुरक्षा अपडेट्स देणं थांबवलं, आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालते. सोबत टीपीएम २.० हे सुरक्षेचं अंग लागतं, ते या ऑफिसच्या यंत्रांत असतंच. सहाव्या-सातव्या पिढीवर आडमार्गाने विंडोज ११ टाकून देणारे पुष्कळ आहेत. घरी प्रयोग म्हणून ठीक. पण ज्या यंत्रात लोकांचे पॅन, आधार आणि बँकेचे तपशील आहेत, तिथे एखादं मोठं अपडेट अडलं तर जबाबदारी तुमची. विंडोज १० साठी मुदतवाढीची सुरक्षा अपडेट्स मिळतात, व्यवसायांसाठी ती पैसे भरून आणि तीही मर्यादित वर्षांची. तो खर्च धरला की सहाव्या पिढीची स्वस्ताई बरीचशी संपते.

वेगाच्या बाजूनेही मोठी उडी नेमकी इथेच आहे. सहाव्या-सातव्या पिढीच्या आय५ मध्ये चार कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) होते, आठव्यात सहा झाले. आठव्या पिढीच्या आय३ लाही चार कोअर मिळाले. म्हणून 'आय सेव्हन' ऐकून हुरळून जाऊ नका. सहाव्या पिढीच्या आय७ पेक्षा आठव्या पिढीचा आय३ ऑफिससाठी बरा सौदा आहे, कारण त्याच्यापुढे आयुष्य उरलं आहे.

जुन्या बाजारात तीन घराण्यांचा माल प्रामुख्याने फिरतो. कंपन्या भाडेकरारावर यंत्रं घेतात, तीन-पाच वर्षांनी लॉटच्या लॉट परत करतात आणि तो माल झाडूनपुसून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये आणि तिथून तुमच्या तालुक्याच्या दुकानात येतो. मॉडेलवरून पिढीचा अंदाज बांधता येतो. लेनोवोच्या थिंकसेंटर टायनीत एम७१०क्यू सहावी-सातवी, एम७२०क्यू आणि एम९२०क्यू आठवी-नववी, एम७०क्यू दहावी. एचपीच्या एलिटडेस्क मिनीत जी३ म्हणजे सहावी-सातवी, जी४ आठवी, जी५ नववी, जी६ दहावी. डेलच्या ऑप्टिप्लेक्स मायक्रोत ३०५० आणि ७०५० सहावी-सातवी, ३०६० आणि ७०६० आठवी, ३०८० आणि ७०८० दहावी.

डेलच्या बाबतीत एक सापळा आहे. 'ऑप्टिप्लेक्स ७०१०' हे नाव कंपनीने दोनदा वापरलं. एकदा २०१२ च्या सुमारास तिसऱ्या पिढीच्या यंत्रासाठी आणि पुन्हा २०२३ मध्ये तेराव्या पिढीच्या यंत्रासाठी. जाहिरातीत नुसतं '७०१०, आय५' लिहिलेलं असेल तर प्रोसेसरचा आकडा विचारल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

एएमडीचे रायझन प्रोसेसरही चांगले असतात, फक्त २२००जीई आणि २४००जीई यांच्यापासून सावध राहा. नावात २००० ची मालिका असली तरी आतली रचना आधीची आहे आणि विंडोज ११ च्या यादीत ते बसत नाहीत. शंका असेल तर मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे मोफत साधन दुकानातच चालवून बघा.

नव्या स्वस्त डब्यांत इंटेल एन१०० हा प्रोसेसर दिसतो. चार कोअर, ६ वॅट, २०२३ पासून बाजारात. पासमार्क या वेग मोजणाऱ्या चाचणीत तो साडेपाच हजारांच्या आसपास गुण मिळवतो, आय५-८५००टी साडेसात हजारांच्या आसपास. एका टेबलाचं टायपिंग, टॅली आणि पाच-सहा टॅब यांना तो पुरतो. पण त्यात रॅमची वाहिनी एकच असते आणि पुष्कळ डब्यांत रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते, म्हणजे पुढे वाढवता येत नाही. साठवणीसाठी ईएमएमसी, म्हणजे मदरबोर्डलाच चिकटवलेली मंद चिप, दिली असेल तर तो डबा नकोच. ती एसएसडी नव्हे, कितीही तसं सांगितलं तरी. अनोळखी नावाचा डबा घेताना अडॅप्टरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. वीज चढ-उतार होणाऱ्या गावात तर नक्कीच बघा.

तिसरी पायरी: रॅम आणि एसएसडी

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. ८ जीबीवर आज काम चालतं, १६ जीबीवर पुढची चार वर्षं निश्चिंतपणे चालतं. छोट्या पीसीत लॅपटॉपची रॅम बसते आणि बहुतेक मॉडेलांत दोन जागा असतात. '८ जीबी' म्हणजे आठची एक पट्टी की चारच्या दोन, हे विचारा. आठची एक असेल तर दुसरी जागा मोकळी राहते आणि नंतर आणखी आठ टाकता येतात. चारच्या दोन असतील तर वाढवताना दोन्ही काढून ठेवाव्या लागतात.

एसएसडी २५६ जीबीची पुरे. ऑफिसचा डेटा तसाही एकाच टेबलावर पडून राहू नये. जुन्या यंत्रात एसएसडीही जुनी असते, तिची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये टक्क्यांत दिसते आणि ती किती तास चालली आहे तेही. ऐंशी टक्क्यांखाली असेल तर नवी टाकून मागा किंवा तेवढे पैसे कमी करून घ्या. नुसती हार्ड डिस्क असलेलं यंत्र घेतलंत तर एसएसडीचा खर्च किमतीत मिळवूनच तुलना करा.

चौथी पायरी: जे डब्यासोबत येत नाही

अडॅप्टर सगळ्यात आधी. छोट्या पीसीचा पॉवर सप्लाय आत नसतो, लॅपटॉपसारखा बाहेर असतो. दुकानदार कधी कधी कुठला तरी जुळणारा अडॅप्टर देतो. डेलचं यंत्र अडॅप्टर ओळखतं. त्याला तो ओळखता आला नाही तर चालू होताना सूचना येते आणि प्रोसेसर मुद्दाम मंद चालतो. म्हणजे वेगासाठी पैसे मोजायचे आणि अडॅप्टरपायी तो वेग मिळायचाच नाही. म्हणून ज्या कंपनीचा डबा त्याच कंपनीचा, योग्य वॅटचा अडॅप्टर मागा. 'टी' प्रोसेसरला सहसा ६५ वॅटचा पुरतो.

मॉनिटरची पिन पुढची. या यंत्रांना पुष्कळदा डिस्प्लेपोर्ट असतो आणि तुमच्या मॉनिटरला एचडीएमआय किंवा जुना व्हीजीए. पीसीच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयला जाणारी साधी केबल चालते. उलट दिशेने ती चालत नाही, हे केबल घेताना सांगा.

वायफाय गृहीत धरू नका. कंपन्यांत ही यंत्रं तारेवर चालत होती, त्यामुळे कित्येकांत वायफायचं कार्डच नसतं. ऑफिसात लॅनची वायर असेल तर उत्तमच, नसेल तर यूएसबीचा छोटा वायफाय घ्या आणि यूएसबीच्या यादीत आणखी एक जागा धरा.

पाचवी पायरी: दुकानात बसून तपासा

घाई करणाऱ्या दुकानातून उठून या. चांगला विक्रेता अर्धा तास बसू देतो.

आधी डब्यावरचा सिरीयल नंबर किंवा सर्व्हिस टॅग घ्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर टाका. मूळ वॉरंटी कधी सुरू झाली ते बहुतेक वेळा तिथे दिसतं, म्हणजे यंत्राचं खरं वय कळतं. 'दोन वर्षंच वापरलंय' या बोलण्यापेक्षा ती तारीख धरा.

मग बायोसमध्ये जा, म्हणजे यंत्र चालू होताना विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये. तिथे पासवर्ड मागितला तर यंत्र घेऊ नका, नंतर साधी सेटिंगही बदलता येणार नाही. तिथेच कॉम्प्युट्रेस किंवा अॅब्सोल्यूट नावाची चोरी-प्रतिबंधक सोय चालू आहे का ते बघा. चालू असेल तर आधीच्या मालकाची पकड अजून सुटलेली नाही.

असंच आणखी एक कुलूप असतं आणि ते दुकानात सहसा दिसत नाही. मोठ्या कंपन्या आपली यंत्रं मायक्रोसॉफ्टकडे ऑटोपायलटमध्ये नोंदवतात. नोंद काढायची राहून गेली, तर तुम्ही पुढे विंडोज नव्याने टाकाल तेव्हा इंटरनेट जोडताच त्या कंपनीचं नाव आणि लॉगिन समोर येतं. म्हणून विक्रेत्याला सांगा, 'माझ्यासमोर विंडोज रीसेट करा आणि इंटरनेट जोडून पहिला पडदा दाखवा.' वेळ जातो, पण पाच यंत्रं घेणार असाल तर हे पाचही यंत्रांवर करून घ्या.

विंडोज खरी आहे का, ते सेटिंग्जमधल्या अॅक्टिव्हेशनमध्ये बघा. डिजिटल लायसन्सने सक्रिय आहे असं तिथे लिहिलेलं असावं. '१८० दिवसांनी संपेल' असा काही प्रकार आढळला तर ती कंपन्यांसाठीच्या परवान्याची नक्कल असण्याचीच शक्यता जास्त. मूळ लायसन्स यंत्रासोबत आलेलं असेल तर नव्याने विंडोज टाकल्यावर ती आपोआप सक्रिय होते, त्यामुळे रीसेटनंतरच ही तपासणी करा.

शेवटी यंत्राला काम द्या. एकाच वेळी चार-पाच व्हिडिओ लावा, मोठी फाइल कॉपी करा आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. पंखा किंचाळतो का, डबा अचानक बंद पडतो का, वेग एकदम खाली येतो का हे बघा. धूळ साचलेली असेल किंवा प्रोसेसरवरची पेस्ट वाळलेली असेल तर ते इथेच कळतं. अकोला-नागपूरच्या मे महिन्यात, वातानुकूलन नसलेल्या खोलीत हे यंत्र चालणार असेल तर ही चाचणी अजिबात टाळू नका. तोवर प्रत्येक यूएसबीत पेन ड्राइव्ह घालून काढा, लॅनला वायर लावा, हेडफोन लावून आवाज ऐका.

सहावी पायरी: बिल

पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. संगणकावर १८ टक्के जीएसटी आहे. तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि बिलावर तुमचा क्रमांक आणि कर नीट दाखवलेला असेल, तर एरवीच्या अटी पाळून भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. जुन्या मालाचे काही व्यापारी फक्त नफ्याच्या रकमेवर कर भरतात. त्या पद्धतीत पूर्ण किमतीवरचा कर बिलात वेगळा येत नाही आणि तुम्हाला क्रेडिट मिळत नाही. यात बेकायदेशीर काही नाही, फक्त घासाघीस करण्याआधी विचारून घ्या. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. मार्च संपत आला असताना खरेदी करणाऱ्यांनी हे आपल्या सल्लागाराशी बोलून घ्यावं.

वॉरंटी 'दुकानाची' असेल तर ती बिलावरच लिहून घ्या. किती महिने, कोणत्या भागांची, अडॅप्टर धरून की सोडून.

सातवी पायरी: आता भागाकार

एक उदाहरण मांडतो. भाव तुमच्या गावाचे घाला, पद्धत हीच ठेवा.

समजा सहाव्या पिढीचा छोटा पीसी ९,००० रुपयांना मिळतोय. विंडोजवरच चालवायचा असेल तर त्याचं निर्धोक आयुष्य फार तर एक वर्ष धरा. वर्षाला ९,००० रुपये. आठव्या पिढीचा १४,५०० ला मिळतोय, केबल आणि वायफाय धरून १५,७०० झाले, चार वर्षं चालेल. वर्षाला सुमारे ३,९२५. नवा, नामांकित कंपनीचा बाराव्या पिढीनंतरचा छोटा पीसी कर धरून ३६,००० ला, तीन वर्षांच्या वॉरंटीसह, सात वर्षं चालेल. वर्षाला सुमारे ५,१४०.

सगळ्यात स्वस्त दिसणारा डबा सगळ्यात महाग निघाला. आठवी पिढी जिंकली, असंही वाटतं. पण थांबा. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर नव्या यंत्राच्या ३६,००० मधले सुमारे ५,४९० रुपये क्रेडिट म्हणून परत येतात. मग खर्च ३०,५१० चा, म्हणजे वर्षाला सुमारे ४,३६०. जुन्यावर क्रेडिट मिळत नसेल तर दोघांत फरक उरला वर्षाला साडेचारशे रुपयांच्या आत. तेवढ्यात तीन वर्षं कंपनीचा माणूस दारात येऊन दुरुस्ती करून जात असेल, तर मी काउंटरच्या, रोखपालाच्या आणि रिटर्न भरणाऱ्याच्या टेबलाला नवा घेईन. मागच्या खोलीतल्या टायपिंगच्या आणि स्कॅनिंगच्या टेबलांना आठव्या पिढीचा. सगळीकडे एकच भावाचं यंत्र हवं हा आग्रह सोडला की पैसा योग्य जागी जातो.

सहाव्या पिढीचं यंत्र अगदीच फुकट जातं असं नाही. फक्त ब्राउझरमध्ये काम असलेल्या टेबलावर उबुंटू किंवा सी-डॅकचं बॉस लिनक्स टाकलं तर ते आणखी काही वर्षं सुरक्षित चालेल. टॅली मात्र विंडोजवरच चालते, आणि सरकारी पोर्टलवरच्या डिजिटल सहीचा अनुभव विंडोजवर जास्त सुरळीत असतो.

विजेचा हिशेबही थोडा बघा. छोटा पीसी साध्या कामात १० ते १५ वॅट घेतो, जुना मोठा डबा ४० ते ५०. ३५ वॅटचा फरक, रोज ९ तास, महिन्याला २५ दिवस, म्हणजे जवळपास ८ युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर टेबलामागे वर्षाला अकराशे-बाराशे वाचतात. मला याहून मोलाचं वाटतं ते यूपीएसचं. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर छोटा पीसी आणि मॉनिटर नव्या बॅटरीने अर्धा तास तरी तग धरतात. तालुक्याच्या ठिकाणी दुपारी वीज गेली आणि रिटर्नची शेवटची तारीख असली, तर हा अर्धा तास फार कामाचा असतो. दिवसातून दोन-तीन तास वीज जात असेल आणि इन्व्हर्टर नसेल, तर मात्र लॅपटॉपचाच विचार करा.

घेताना सगळी यंत्रं एकदम घेऊ नका. आधी एक घ्या आणि ऑफिसात ज्याचं काम सगळ्यात जड आहे त्याच्या टेबलावर आठवडाभर ठेवा. त्याचा प्रिंटर, त्याचं टोकन, त्याचं टॅली सगळं जोडून. तक्रार आली नाही तर बाकीची त्याच मॉडेलची घ्या. एकच मॉडेल असलं की एक जादा अडॅप्टर सगळ्यांना चालतो, एकाची रॅम दुसऱ्यात बसते आणि एक यंत्र बिघडलं तर त्याची एसएसडी काढून शेजारच्या डब्यात घालून त्याच दिवशी काम पुढे नेता येतं. फक्त विंडोजने डिस्कला बिटलॉकर हे कुलूप लावलं असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून तिजोरीत ठेवलेली असू द्या.